मलबार हिलचा स्कॉटिश, इंग्लंडचा कॅप्टन

क्विझमध्ये विचारायला एक मस्त प्रश्न आहे. भारतातली पहिली टेस्ट मॅच १५ डिसेंबर १९३३ ला मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या ग्राउंडवर सुरू झाली. दोन्ही कॅप्टनपैकी मुंबईत जन्मलेला कोण? बहुतेक जण पटकन सी. के. नायडूंचं नाव घेतील. पण नायडूंचा जन्म नागपूरचा आणि घराणं मूळचं आंध्रकडचं. मुंबईत जन्मलेला होता तो समोरचा, म्हणजे इंग्लंडचा कॅप्टन. डग्लस जार्डिन!

क्रिकेटवेड्या मित्रांना हे नाव नवीन नाही. बॉडीलाइनचा व्हिलन म्हणून सगळे त्याला ओळखतात. पण त्याच्या आयुष्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. जन्म एका देशातला, रक्त दुसऱ्या देशाचं आणि डोक्यावरची कॅप तिसऱ्याच देशाची. मग हा माणूस नक्की कुठला?

२३ ऑक्टोबर १९०० ला मलबार हिलवर त्याचा जन्म झाला. आईवडील दोघंही स्कॉटिश. वडील माल्कम जार्डिन मुंबईत बॅरिस्टर होते, पुढे ॲडव्होकेट जनरल झाले. ते स्वतः ऑक्सफर्डकडून खेळलेले. १८९२ साली केंब्रिजविरुद्ध त्यांनी १४० रन्स काढल्या होत्या, म्हणजे क्रिकेट घरातच होतं. डग्लस नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला शिक्षणासाठी स्कॉटलंडला, सेंट अँड्र्यूजला मावशीकडे पाठवलं. इथल्या गोऱ्या साहेबांच्या घरात तेव्हा ही पद्धतच होती. आपण बारावीनंतर होस्टेलला येतो तरी पहिला महिनाभर घरच्या डब्याची आठवण काढतो. हा पोरगा नऊ वर्षांचा, आणि आईवडिलांकडे जायचं तर बोटीने समुद्र ओलांडायचा.

पुढे विंचेस्टर कॉलेज आणि मग ऑक्सफर्ड. १९२१ साली ऑक्सफर्डकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो ९६ वर नॉट आउट राहिला. त्यानंतर सरे काउंटीकडून खेळता खेळता १९२६ मध्ये सॉलिसिटरची परीक्षा पास झाला. तो अमॅच्युअर होता, म्हणजे खेळण्याचे पैसे घेत नसे. १९२८ ला वेस्ट इंडिजविरुद्ध टेस्टमध्ये आला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. उंच, ताठ, कुणाशी फारसं न बोलणारा आणि डोक्यावर ऑक्सफर्डची रंगीबेरंगी हार्लेक्विन कॅप. ऑस्ट्रेलियातल्या पब्लिकला तो अस्सल गर्विष्ठ इंग्रज वाटला. त्यांनी त्याची एवढी हुर्यो उडवली की बिचाऱ्याच्या मनात ते कायमचं बसलं. गंमत म्हणजे ज्याला ते नखशिखांत इंग्रज म्हणून चिडवत होते, तो स्वतःला स्कॉटिश मानत होता.

१९३० मध्ये डॉन ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये येऊन पाच टेस्टमध्ये ९७४ रन्स ठोकल्या. त्याला थांबवायचं कसं, हा इंग्लंडसमोरचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम होता. १९३१ पासून जार्डिन कॅप्टन होता. त्याने हा प्रॉब्लेम आपल्यासारखाच, म्हणजे इंजिनीअरसारखा घेतला. जुन्या खेळींचा अभ्यास केला, माहितगारांना विचारलं, ऑगस्ट १९३२ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात हॅरोल्ड लारवूड आणि बिल व्होस या फास्ट बोलर्सबरोबर बसून प्लॅन ठरवला. अंगावर उसळणारा बॉल आणि लेग साइडला फील्डर्सची साखळी. अंग वाचवायला बॅट वर केली की कॅच, नाही केली तर बॉल बरगडीवर. त्या काळी हेल्मेट नव्हतं. हीच बॉडीलाइन.

डिझाइन यशस्वी झालं. ब्रॅडमनचं ॲव्हरेज ५६ वर आलं, लारवूडने ३३ विकेट्स काढल्या आणि इंग्लंडने १९३२-३३ ची ॲशेस ४-१ ने जिंकली. पण ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन वुडफुल याला छातीवर बॉल लागला, ओल्डफील्डच्या कवटीला फ्रॅक्चर झालं (त्या बॉलला फील्ड साधीच होती, पण वातावरण तापलेलं होतं). ऑस्ट्रेलियन बोर्डाने तार करून हा प्रकार खिलाडूपणाला धरून नाही असं कळवलं. दोन देशांच्या सरकारांपर्यंत प्रकरण गेलं.

आता याच टीममधला दुसरा एक खेळाडू बघा. इफ्तिखार अली खान, पतौडीचे नवाब. अस्सल भारतीय, पण खेळत होते इंग्लंडकडून. सिडनीच्या पहिल्या टेस्टमध्ये त्यांनी १०२ रन्स केल्या. मात्र बॉडीलाइनच्या लेग साइडच्या साखळीत उभं राहायला त्यांनी नकार दिला. दुसऱ्या टेस्टनंतर त्या मालिकेत ते पुन्हा दिसले नाहीत. म्हणजे इंग्लंडच्या ड्रेसिंग रूममध्ये एक मुंबईत जन्मलेला स्कॉटिश माणूस हुकूम देत होता आणि एक भारतीय नवाब तो हुकूम नाकारत होता. खेळ सभ्यपणे खेळायचा, ही जी गोष्ट इंग्रज जगाला शिकवत आले, ती त्या दिवशी कोण जास्त पाळत होता ते तुम्हीच ठरवा. हेच पतौडी १९४६ मध्ये भारताचे कॅप्टन म्हणून इंग्लंडला गेले.

आणखी एक फरक आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जार्डिन इंग्लंडकडून खेळला तेव्हा त्याच्या जन्मगावाचा किंवा मूळ देशाचा मुद्दा झाला नाही. रणजितसिंहजींच्या बाबतीत तो झाला. १८९६ साली लॉर्ड्सच्या टेस्टला त्यांना घेतलं नाही, आणि पुढच्याच मँचेस्टरच्या टेस्टमध्ये त्यांनी नाबाद १५४ काढल्या. त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी १९२९ ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एक टेस्ट खेळले आणि नंतर त्या मालिकेतून बाहेर गेले. पाहुण्या टीमला सावळा खेळाडू समोर नको होता, असं मानलं जातं. म्हणजे तुम्ही कुठले, हा प्रश्न सगळ्यांना विचारला जात नाही. चेहरा आणि आडनाव बघून विचारला जातो.

जार्डिनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३३ मध्ये वेस्ट इंडिजच्या मार्टिनडेल आणि कॉन्स्टंटाइन यांनी मँचेस्टरला त्याच्यावरच बॉडीलाइन सोडली. त्याने तक्रार केली नाही. अंगावर बॉल घेत उभा राहिला आणि १२७ केल्या. टेस्टमधलं त्याचं ते एकमेव शतक. जे दुसऱ्याला दिलं ते स्वतः घेण्याची तयारी त्याच्यात होती.

त्याच वर्षाअखेर तो टीम घेऊन जन्मगावी आला. ज्या जिमखान्यात तेव्हा भारतीयांना मेंबरशिप नव्हती, तिथे हजारो भारतीय तंबूत आणि स्टँडमध्ये बसले होते. लाला अमरनाथने पहिल्याच टेस्टमध्ये ११८ केल्या, प्रेक्षक अक्षरशः वेडे झाले. मॅच इंग्लंडने ९ विकेट्सने जिंकली, मालिकाही २-० ने. मद्रासची टेस्ट ही जार्डिनची शेवटची टेस्ट ठरली. ऑस्ट्रेलियाशी पुन्हा खेळायचं नाही असं त्याने जाहीर केलं. बोर्डालाही तो आता नकोसा झालाच होता. २२ टेस्ट, १२९६ रन्स, ॲव्हरेज ४८. विषय संपला.

दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. डंकर्कहून परतल्यावर त्याला पुन्हा भारतात पाठवलं गेलं, क्वेट्टा आणि सिमल्याला. हिंदुस्थानी भाषा तो सफाईने बोलायचा. १८ जून १९५८ ला स्वित्झर्लंडमध्ये कॅन्सरने त्याचं निधन झालं. वय फक्त ५७. त्याची रक्षा स्कॉटलंडमधल्या एका डोंगरावर विखुरली. मुंबईत नाही आणि ज्या देशासाठी एवढी बदनामी घेतली त्या इंग्लंडमध्येही नाही.

मित्रांनो, आता आपल्या गहुंजेच्या स्टेडियमकडे या. तिथली पहिली इंटरनॅशनल मॅच २० डिसेंबर २०१२ ची, भारत विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडचा कॅप्टन होता इऑन मॉर्गन, डब्लिनचा आयरिश. २०१९ ला त्यानेच इंग्लंडला वर्ल्ड कप मिळवून दिला. आपल्या मुंबईचा कॉम्प्युटर इंजिनीअर सौरभ नेत्रावळकर २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेकडून खेळला आणि सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं. तेव्हा आपण सगळ्यांनी तो आपला म्हणून मिठाया वाटायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

पण आपल्याच पट्ट्यात काय चित्र आहे? पिंपरी कॅम्प वसवला फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी. पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि मग चाकणच्या कंपन्यांत खानदेश, मराठवाडा, केरळ, यूपी, बिहार इथून माणसं आली. त्यांची मुलं इथेच जन्मली, इथल्याच शाळेत मराठी शिकली, आज आपल्याबरोबर लेक्चरला बसतात. तरी ॲडमिशन असो की नोकरी, लोकल की बाहेरचा हा प्रश्न त्यांच्या मागे असतोच. कधी कधी होस्टेलच्या गप्पांत आपणही तो विचारतो, आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारतो, म्हणजे खरं गाव कुठलं?

अमेरिकेत नेत्रावळकरला अमेरिकन मानावं असं आपल्याला मनापासून वाटतं. मग निगडीत जन्मलेल्या बिहारी मुलाला पिंपरी-चिंचवडचा मानायला काय हरकत आहे? जार्डिनने आपलं गाव स्वतः निवडलं, कारण त्याला ती मोकळीक होती. तेवढी मोकळीक आपल्या शेजारच्या रूममधल्या मुलालाही मिळाली पाहिजे. तो सांगेल ते त्याचं गाव.