कुडाळच्या खानावळीतला नाटककार

मनातला कल्लोळ रंगमंचावर दिसला पाहिजे, मग घर घरासारखे न दिसले तरी चालेल, असे मानणारे नाटक ते अभिव्यक्तिवादी. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ते जर्मनीत बहरले. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचे मला वाटते ते चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’. १९६६ साली विजया मेहतांनी ते ‘रंगायन’तर्फे बसवले, बाजीराव झाले होते माधव वाटवे.

खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, जन्म १९३० चा. कुडाळला आई खानावळ चालवी. मुलगा तिच्या हाताशी राबे आणि ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिही. ‘जोगवा’ हा संग्रह १९५९ मध्ये आला. पुढे मुंबई गाठली, पण पोटाची विवंचना सुटली नाही. अशा माणसाने हमखास चालणारे नाटक लिहायचे. यांनी लिहिला एक विदूषक, हसवता हसवता स्वतःलाच सोलणारा. बँकेत जन्म काढलेल्या मला शून्याचा धाक ठाऊक आहे!

हे जर्मनीहून उसने आणलेले मला वाटत नाही. तीर्थपुरीच्या शाखेत असताना मी नाथांची भारुडे पाहिली. (पैठण तिथून फार लांब नाही.) एकच माणूस घटकेत विंचू चावलेला, घटकेत जोगवा मागणारी होतो आणि बोलतो मात्र आतले. कोकणात दशावतार पाहत वाढलेल्या खानोलकरांना सोंगाची ही ताकद कुणी शिकवायला नकोच होती.

२६ एप्रिल १९७६ ला ते गेले, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७८ चा, तोही ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला.