लॉरेन्सची बाईक आणि माझी

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

तर, बाबा बाईक घेऊन द्यायला तयार झालेत आणि होस्टेलच्या आमच्या रूममध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते क्रूझर घे, दुसरी म्हणते स्पोर्ट. आईचं म्हणणं, काहीच नको. तिचंही बरोबर आहे. गेल्या गळीत हंगामात माझा मावसभाऊ रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. हेल्मेट आरशाला लटकवलेलं. वाचला, पण अजून बोलताना शब्द शोधतो.

अशातच एका रविवारी आम्ही नगरच्या टँक म्युझियममध्ये गेलो. तिथे रोल्स-रॉईसची एक जुनी चिलखती गाडी आहे. पहिल्या महायुद्धात रोल्स-रॉईसच्याच चिलखती गाड्या अरबी वाळवंटात फिरवणारा माणूस म्हणजे टी. ई. लॉरेन्स, सिनेमातला लॉरेन्स ऑफ अरेबिया. रूमवर येऊन त्याच्याबद्दल वाचत बसले आणि कळलं, स्वारी चक्क बाईकवेडी होती!

लॉरेन्सचा जन्म १८८८ चा, वेल्समधला. ऑक्सफर्डला इतिहास शिकला, मग उत्खननाच्या कामाला लागला. युद्धात तो तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांबरोबर लढला. जुलै १९१७ मध्ये त्यांनी अकाबा बंदर घेतलं. नाव जगभर झालं, पण अरबांना दिलेला शब्द ब्रिटनने पाळला नाही ही सल त्याच्या मनात राहिली. कर्नल म्हणून मिरवायचं सोडून १९२२ मध्ये तो खोट्या नावाने हवाई दलात साधा सैनिक झाला. बिंग फुटलं, तर १९२३ मध्ये रणगाडा दलात, बोव्हिंग्टनला. म्हणजे इंग्लंडचं नगरच म्हणा ना! पुन्हा हवाई दलात येऊन १९२७ ते १९२९ या काळात तो कराची आणि मिरानशाहलाही होता.

त्याची लाडकी गाडी ब्रफ सुपीरियर. अशा सात गाड्या त्याने वापरल्या, आठवीची ऑर्डर दिलेली होती. एसएस-१०० मॉडेलला व्ही-ट्विन इंजिन आणि ताशी १०० मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरची हमी! १९२६ पर्यंतच त्याचे लाखभर मैल झाले होते. तेव्हा आजच्यासारखी क्रूझर आणि स्पोर्ट अशी वाटणी नव्हती. जॉर्ज ब्रफ गाडी गिऱ्हाइकाच्या मापाने जुळवून द्यायचा, आणि लॉरेन्स उंचीला जेमतेम साडेपाच फूट.

आपल्याला मात्र शोरूममध्ये आहे त्यातूनच निवडावं लागतं. स्पोर्ट बाईकवर पुढे वाकून बसायचं, फूटरेस्ट मागे, व्हीलबेस कमी, ताकद वरच्या आरपीएमला. वळणांवर मजा, पण मनगटं भरून येतात. क्रूझरची सीट खाली, पाय पुढे, व्हीलबेस लांब, टॉर्क खालच्या आरपीएमलाच. सरळ रस्त्यावर आराम, पण घाटात जास्त झुकवली तर फूटरेस्ट घासतो. माझी उंची पाच फूट एक इंच. दर शनिवारी राहुरी, कोल्हार, लोणी करत संगमनेरला जायचं, पाठीवर सॅक. म्हणून माझं मत क्रूझरला.

लॉरेन्सची निवडही चुकली नव्हती. १३ मे १९३५ ला बोव्हिंग्टनहून घरी येताना, रोजच्याच रस्त्यावर, उतारामुळे दोन सायकलवाली मुलं त्याला उशिरा दिसली. त्यांना वाचवताना तो गाडीवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला, वय ४६.

त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. हेल्मेटमधला थर दबतो, थांबायला वेळ मिळतो, डोक्यावरचं बल कमी होतं. फर्स्ट इयरचं इंपल्स-मोमेंटम, दुसरं काय!

बाईक अजून बुक व्हायचीय, हेल्मेट आधीच आणलंय. आईला लॉरेन्सची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही, पट्टा ओढून बघितला फक्त.

तुम्ही क्रूझर घ्या नाहीतर स्पोर्ट, आपल्या रस्त्याला आणि अंगाला बघून घ्या. हेल्मेट मात्र आरशाला नको, डोक्यावर हवं!