ब्लेझ पास्कल

फ्रान्समधील क्लेरमाँ या शहरी १९ जून १६२३ रोजी ब्लेझ पास्कलचा जन्म झाला. तो अवघा तीन वर्षांचा असताना त्याची आई निवर्तली. वडील एतिएन हे सरकारी अधिकारी असून चांगले गणिती होते. १६३१ मध्ये ते मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि त्यांच्या शिक्षणाचा भार त्यांनी स्वतःच उचलला.

ब्लेझची प्रकृती नाजूक होती. गणिताचा छंद जडल्यास मुलगा भाषांकडे दुर्लक्ष करील, या भीतीने वडिलांनी गणिताची पुस्तके त्याच्यापासून दूर ठेवली. परंतु मनाईने जिज्ञासा वाढतेच. बारा वर्षांचा ब्लेझ कोळशाने जमिनीवर आकृत्या काढीत बसे. असे करता करता त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे त्याला उमगले. ते पाहून वडिलांनी आपला हट्ट सोडला व युक्लिडचा ग्रंथ त्याच्या हाती दिला. पुढे वडिलांवर करांच्या किचकट हिशेबांचे काम येऊन पडले. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून एकोणिसाव्या वर्षी त्याने हिशेबाचे यंत्र रचावयास घेतले.

त्या काळी इटलीतील टॉरिचेल्लीच्या प्रयोगाची विद्वानांत मोठी चर्चा चालू होती. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच पात्रात उपडी धरली, तर नळीतील पारा थोडा उतरतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबतो. असे का व्हावे? निसर्गाला पोकळी खपत नाही, असे पुष्कळ पंडित मानीत. पात्रातील पाऱ्यावर पडणारा हवेचा दाब नळीतील पाऱ्याला तोलून धरतो, असा पास्कलचा तर्क होता. तो खरा असेल, तर उंच डोंगरावर वरची हवा कमी असल्यामुळे पारा खाली यावयास हवा. तो न आला, तर तर्क सोडून देणे भाग होते.

पास्कल पॅरिसमध्ये होता आणि प्रकृती साथ देत नव्हती. म्हणून त्याने क्लेरमाँ येथील आपला मेहुणा पेरिये यास हे काम सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये काही प्रतिष्ठित नागरिकांसह पुई द दोम हा डोंगर चढला. एक नळी खाली मठातच ठेवली होती व एक साधू तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवून होता. शिखरावर पारा सुमारे तीन इंच खाली आला. मठातील नळीत मात्र तो जागचा हलला नाही. हवेला दाब असतो, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले.

१९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पास्कलचे निधन झाले. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने दाब व ताण मोजण्याच्या एककाला त्याचे नाव दिले. एक चौरस मीटर पृष्ठावर एक न्यूटन बल सारखे पसरले, म्हणजे एक पास्कल दाब होतो. हे एकक फार लहान आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. म्हणून हवामानखाते शंभर पास्कलांचे हेक्टोपास्कल वापरते, तर पोलादातील ताण मोजताना अभियंते दहा लाख पास्कलांचे मेगापास्कल घेतात.

आपला तर्क कितीही आवडता असला, तरी तो प्रयोगाच्या कसोटीला लावण्याचे धैर्य पास्कलने दाखविले. म्हणूनच त्याचे नाव अजरामर झाले.