गरीब होण्यासाठी झगडलेली राजकन्या : बोहेमियाच्या संत ॲग्नेस

संत ॲग्नेस म्हटले की, हातात कोकरू घेतलेली रोमची कुमारी रक्तसाक्षी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. तिचा सण आपण २१ जानेवारीला साजरा करतो. परंतु त्याच नावाच्या आणखी एक संत होऊन गेल्या. त्यांचा स्मृतिदिन २ मार्चला, म्हणजे बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळात येतो. या काळात आपण काही ना काही सोडण्याचा संकल्प करतो. या संतांनी काय सोडले आणि ते सोडताना त्यांना किती झगडावे लागले, ते आज पाहू या.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया हे मध्ययुगातील एक बलाढ्य राज्य. प्राग ही त्याची राजधानी. तेथे १२११ साली राजा पहिला ओटाकार आणि राणी कॉन्स्टन्स यांच्या पोटी ॲग्नेस यांचा जन्म झाला. हंगेरीच्या संत एलिझाबेथ या त्यांच्या मामेबहीण.

त्या काळी राजघराण्यातील मुलीचे लग्न हा दोन राज्यांमधला करार असे. ॲग्नेस अवघ्या तीन वर्षांच्या असताना त्यांचे लग्न ठरले आणि त्यांना दूर सायलेशियातील मठात वाढायला पाठवण्यात आले. तो मुलगा वारला म्हणून त्या परत आल्या. पुढे सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या मुलाशी सोयरीक जुळली. त्यासाठी त्यांना ऑस्ट्रियाच्या ड्यूककडे ठेवले, तर १२२५ साली ड्यूकने आपलीच मुलगी त्या राजपुत्राला दिली! मग इंग्लंडच्या राजाची मागणी आली आणि शेवटी खुद्द विधुर सम्राटाची. तोवर ॲग्नेसना काय हवे, हे कोणी विचारलेच नव्हते.

या वेळी मात्र त्यांनी नकार दिला. आपण प्रभू येशूला वाहिलेल्या आहोत, असे त्यांनी पोप नववे ग्रेगरी यांना कळवले. पोप त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वडील १२३० साली निवर्तले होते आणि थोरला भाऊ वेन्सेस्लास गादीवर बसला होता. त्यानेही बहिणीचे ऐकले.

असिसीचे संत फ्रान्सिस यांचे बंधू तेव्हा प्रागमध्ये आले होते. त्यांच्याकडून ॲग्नेसना संत क्लारा आणि त्यांच्या भगिनींच्या दारिद्र्यव्रताची माहिती मिळाली. आपल्या वाट्याचे धन खर्चून त्यांनी गोरगरिबांसाठी रुग्णालय उभारले आणि व्ल्तावा नदीकाठी मठ बांधला. आई कॉन्स्टन्स यांनी रुग्णालयाला जमिनी दिल्या. रुग्णालयात सेवा करणाऱ्या बंधूंचा पुढे स्वतंत्र व्रतस्थ संघ झाला. लाल तारा आणि क्रूस ही त्या संघाची खूण आहे. एका स्त्रीने सुरू केलेला हा पुरुषांचा संघ आजही आहे. ११ जून १२३४ रोजी, पेन्टेकॉस्टच्या सणाला, ॲग्नेसनी सात सरदारकन्यांसह मठात प्रवेश केला.

पण खरी कसोटी पुढेच होती. आपल्या मठाच्या नावे काहीच मालमत्ता नसावी, अशी त्यांची इच्छा होती. उलट भिंतीआड राहणाऱ्या भगिनींची उपासमार होऊ नये, ही पोप महोदयांची काळजी. म्हणून १२३५ साली त्यांनी रुग्णालयाच्या जमिनी मठाला जोडून दिल्या. ती काळजी मायेपोटीच होती. परंतु गरिबांसाठी दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नावर आपण जगायचे, हे ॲग्नेसच्या मनाला पटेना. इकडे असिसीहून संत क्लारा पत्रे लिहून त्यांना धीर देत होत्या. दोघींची कधीच भेट झाली नाही, पण ती चार पत्रे आजही उपलब्ध आहेत. ॲग्नेसनी रुग्णालयावरचा हक्क सोडून दिला. अखेर १२३८ साली पोप महोदयांनी लिहून दिले की, या भगिनींवर मालमत्ता घेण्याची सक्ती कोणी करू नये. मात्र त्यांनी मागितलेली स्वतंत्र नियमावली मंजूर झाली नाही. तो निर्णय त्यांनी मान्य केला.

येथे आपण थोडे थांबू या. ॲग्नेस एखाद्या शेतकऱ्याची मुलगी असत्या, तर रोमने त्यांचा अर्ज इतक्या वेळा वाचला असता का? राजाची बहीण म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. ते वजन त्यांनी जमिनी मिळवण्यासाठी नव्हे, तर त्या नाकारण्यासाठी वापरले.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्या मठात राहिल्या. १२४८ साली पुतण्या ओटाकारने बापाविरुद्ध बंड केले, तेव्हा त्या दोघांत समेट व्हावा म्हणून आत्याने खटपट केली, असे सांगतात. भाऊ वेन्सेस्लास १२५३ साली वारला. त्याला बहिणीच्या मठातच पुरण्यात आले. १२७८ साली तोच पुतण्या, आता राजा झालेला, रणांगणात पडला. राज्यात अंदाधुंदी माजली, पाठोपाठ दुष्काळ आला. त्याच दुष्काळाच्या दिवसांत, २ मार्च १२८२ रोजी ॲग्नेस देवाघरी गेल्या.

लोक त्यांना संत मानू लागले. १२९२ साली जन्मलेल्या राणी एलिस्का या ॲग्नेसच्या भावाची पणती. आपल्या घराण्यातील या संताचा सन्मान व्हावा म्हणून त्यांनी १३२८ साली पोप बाविसावे जॉन यांच्याकडे मागणी केली. राणीचा शब्द असूनही काम झाले नाही. पुढे धर्मयुद्धांच्या धामधुमीत भगिनींना मठ सोडावा लागला. ॲग्नेसचे अवशेष हरवले, ते आजतागायत सापडलेले नाहीत. तरी लोकांची भक्ती टिकली. १८७४ साली पोप नववे पायस यांनी त्यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली.

आणि मग १९८९ साल उजाडले. देशात ४१ वर्षे साम्यवादी सत्ता होती. मठ केव्हाच बंद पाडलेले. ॲग्नेस संत होतील तेव्हा देशाला चांगले दिवस येतील, अशी जुनी आख्यायिका लोकांच्या तोंडी होती. १२ नोव्हेंबरला पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये त्यांना संतपद बहाल केले. हजारो चेक भाविक तेथे हजर होते. पाचच दिवसांनी प्रागच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले. २५ नोव्हेंबरला संत विटस कॅथेड्रलमध्ये नव्वद वर्षांच्या कार्डिनल टोमाशेक यांनी संतांसाठी आभाराची मिस्सा अर्पण केली. वर्ष संपण्याआधी रक्तपाताविना सत्ता बदलली होती.

१९९३ साली चेक राष्ट्रीय बँकेने ५० कोरुनांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. आयुष्यभर पैसा दूर ठेवणाऱ्या संत नोटेवर आल्या! २०११ साली ती नोटही चलनातून गेली. संत ॲग्नेस मात्र लोकांच्या मनात आहेत.

आपल्यापैकी कोणी राजघराण्यातले नाही. पण घरात, संस्थेत, गावकीत आपल्याही शब्दाला कोठे ना कोठे वजन असते. ते आपण कोणासाठी वापरतो, हा प्रश्न या प्रायश्चित्तकाळात आपण स्वतःला विचारू या.

बोहेमियाच्या संत ॲग्नेस, आम्हासाठी विनंती कर.