गोपीनाथ मुंडे आणि मानेचे पहिले दोन मणके

मराठवाड्यात गोपीनाथ मुंडे हे नाव माहीत नाही असे घर सापडणे कठीण. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचे मत काहीही असो, त्यांच्या शेवटच्या दुखापतीबद्दल तुम्हाला माहिती असायला हवी. पिशोरसारख्या गावात मोटारसायकलवरून, झाडावरून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेला माणूस जेव्हा नुसती मान दुखते असे म्हणतो, तेव्हा नुकसान याच जागी झालेले असू शकते.

मुंडे यांचा जन्म 12 डिसेंबर 1949 चा, परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचा. घर शेतकऱ्याचे. अंबाजोगाईला कॉलेजात असताना प्रमोद महाजनांशी मैत्री झाली, पुढे त्यांच्या बहिणीशीच लग्न झाले. आणीबाणीत ते नाशिकच्या तुरुंगात होते. 1980 मध्ये रेणापूरमधून आमदार झाले, 1985 ला हरले, 1990 ला परत आले. 1995 ते 1999 ते राज्याचे उपमुख्यमंत्री होते आणि गृहखातेही त्यांच्याकडेच होते. पण बीड जिल्ह्यात त्यांची खरी ओळख ऊसतोड कामगारांचा नेता अशी होती. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रॉलीत भरून कारखान्यांकडे निघणाऱ्या या माणसांच्या मजुरीसाठी त्यांनी अनेक वर्षे भांडण मांडले.

26 मे 2014 रोजी त्यांनी केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेतली. 3 जूनला बीड जिल्ह्यात त्यांचा सत्कार होता. त्यासाठी ते पहाटे दिल्लीत विमानतळाकडे निघाले. चौकात दुसरी गाडी येऊन धडकली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. एम्सच्या ट्रॉमा सेंटरला पोहोचले तेव्हा श्वास आणि नाडी थांबलेली होती. डॉक्टरांनी बराच वेळ छाती दाबून प्रयत्न केले, पण उपयोग झाला नाही. शवविच्छेदनात यकृताला आणि मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांना इजा आढळली. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. पट्टा असता तर ते वाचले असते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

हे दोन मणके इतके महत्त्वाचे का? पहिला मणका अंगठीसारखा असतो आणि त्यावर डोके टेकलेले असते. दुसऱ्या मणक्याला वर खुंटीसारखा दात असतो, तो या अंगठीत बसतो. एक मजबूत बंध त्याला जागेवर धरून ठेवतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातले जवळपास निम्मे वळण याच एका सांध्यात होते. दात मोडला किंवा बंध तुटला की सांधा ढिला होतो आणि मणका सरकू शकतो. मागून मज्जारज्जू जातो, आणि श्वास घेण्याचा मेंदूचा हुकूम त्यातूनच खाली उतरतो. तिथे जोरात दाब आला तर छाती धडधाकट असूनही श्वास थांबतो.

मात्र प्रत्येक वेळी असे होत नाही. या ठिकाणी मज्जारज्जूभोवती जागा बरीच मोकळी असते. त्यामुळे मणका मोडूनही माणूस चालत दवाखान्यात येतो. मला भीती याच रुग्णाची वाटते. हातपाय हलतात म्हणून घरचे निश्चिंत असतात, कोणीतरी मान चोळून देतो, झटका देऊन लचक काढतो. कृपया तसे करू देऊ नका. पडल्यावर मान दुखत असेल, डोके हाताने धरून ठेवावेसे वाटत असेल, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर रुग्णाला सपाट निजवा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना घडी केलेली चादर ठेवा, कूस बदलायची तर डोके आणि धड एकत्र वळवा. श्वास थांबला असेल तर मात्र आधी श्वासाचे बघा. पिशोरहून घाटीपर्यंतचा रस्ता लांब आहे, म्हणून जीपमध्ये बसवून नेण्यापेक्षा 108 ला फोन करून रुग्णवाहिका मागवा.

मोठ्या दवाखान्यात कॉलर लावून सीटी स्कॅन करतात, त्यात हाड दिसते. बंध आणि मज्जारज्जू पाहायला एमआरआय लागतो. साध्या एक्स-रेत ही जागा कधी कधी नीट दिसत नाही, म्हणून दुखणे तसेच राहिले तर एक्स-रे ठीक आहे एवढ्यावर थांबू नका. काही फ्रॅक्चर कॉलरने किंवा डोक्याभोवतीच्या कड्याने जुळतात. सांधा अस्थिर असेल तर ऑपरेशन करतात: दोन्ही मणक्यांत मागून स्क्रू बसवून ते पट्टीने किंवा सळईने जोडतात आणि मध्ये हाडाचे तुकडे ठेवतात. प्रत्येक बाजूला दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू बसवून जोडण्याची पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी 1988 पासून वापरली. 1994 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते.

ऑपरेशन हाड घट्ट करते, मज्जारज्जू पुन्हा जोडत नाही. सुपरमॅनचे काम करणारा नट ख्रिस्तोफर रीव्ह 1995 मध्ये घोड्यावरून पडला. त्याचेही हेच दोन मणके मोडले. मणके जोडण्याचे ऑपरेशन झाले, तो नऊ वर्षे जगला, पण श्वासाच्या यंत्राची गरज कधी पूर्णपणे सुटली नाही. मज्जारज्जू शाबूत असतानाच रुग्ण पोहोचला तर चित्र वेगळे असते. असे अनेक जण कामावर परततात. मान वळवणे कमी होते, म्हणून मोटारसायकल चालवताना मागचे बघायला आरसा लागतो.

तुमच्या रुग्णाला ऑपरेशन सुचवले असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: मज्जारज्जूवर आता दाब आहे का, ऑपरेशन न करता किती महिने थांबता येईल, आणि स्क्रूजवळून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी सीटीत तपासली आहे का. आणि गाडीत मागे बसताना पट्टा लावा. मागच्या सीटवरही तो कायद्याने सक्तीचा आहे.