पाकिटाचा धडा

रत्नागिरीच्या बाजारात पूर्वी सुटे तेल घ्यायला जाताना गिऱ्हाईक घरूनच बरणी नेत असे. दुकानदार रिकामी बरणी आधी एका पारड्यात ठेवी, दुसऱ्यात वजने आणि लहानसहान खडे टाकून काटा मध्यावर आणी आणि मगच तेल ओती. याला धडा करणे म्हणत. धडा चुकला की तेल कितीही अस्सल असो, व्यवहार खोटा ठरे. ही आठवण बँकेच्या नोकरीत, निवृत्ती जवळ आली असताना, अगदी अनपेक्षितपणे जागी झाली.

आमची शाखा तेव्हा नुकतीच दूरच्या मुख्य संगणकाला जोडली गेली होती. खातेदाराची शिल्लक विचारली की उत्तर चटकन येई. दिवसअखेरचा लांबलचक अहवाल मागवला की मात्र पडदा तसाच गोठून राही. चार संध्याकाळी आम्ही रात्री नऊपर्यंत त्या पडद्याकडे पाहत बसलो. पाचव्या दिवशी एक तरुण तंत्रज्ञ आला. त्याने कुठल्याशा रकान्यातला 1500 हा आकडा खोडून 1476 केला आणि अहवाल सुरळीत येऊ लागला. मधले 24 कुठे गेले, असे मी विचारले. ते वेष्टणाचे वजन, असे त्याने हसत सांगितले. हिशेब चुकता करायची सवय असलेल्या माणसाला एवढे उत्तर पुरणारे नव्हते. त्या 24 चा शोध घेत मी ज्या माणसापर्यंत पोहोचलो, त्याचे नाव जॉन पोस्टेल.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म 6 ऑगस्ट 1943 रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. ज्या व्हॅन नाइस हायस्कुलात ते शिकले, तिथेच व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकरही शिकले. पुढे हे तिघेही इंटरनेटच्या पायाभरणीत होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टेल पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, 29 ऑक्टोबर 1969 रोजी, तिथल्या संगणकावरून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश धाडण्यात आला. दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. आज जगभर पसरलेल्या जाळ्याची सुरुवात अशी अडखळतच झाली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रॉकर यांनी या जाळ्याच्या नियमांविषयी क्रमांक घातलेली टिपणे काढायला सुरुवात केली होती. ही टिपणे तपासणे, त्यांना क्रमांक देणे, त्यांची भाषा नीट करणे, हे काम पोस्टेल यांनी अंगावर घेतले आणि मरेपर्यंत सोडले नाही. 1972 मध्ये त्यांनी आणखी एक सूचना केली. जाळ्यावरच्या निरनिराळ्या सेवांचे आकडे एकाच माणसाने वाटून द्यावेत, म्हणजे घोळ होणार नाही. तो माणूस अर्थातच ते स्वतः झाले. बँकेत नवे खाते उघडताना लेजर सांभाळणारा कारकून क्रमांक देतो, तसेच हे काम. त्यात कीर्ती नव्हती. पण एकच क्रमांक दोघांना गेला असता तर सगळाच हिशेब कोलमडला असता.

1974 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. 1977 पासून ते मरीना डेल रे येथील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. लांब दाढी, पायात सँडल आणि सुट्टी मिळाली की पाठीवर सामान टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती, असा हा माणूस होता.

निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याची मूळ कल्पना सर्फ आणि बॉब कान यांची. त्यांनी ती 1974 मध्ये मांडली. तिला नियमांचे पक्के रूप देणारी टिपणे सप्टेंबर 1981 मध्ये निघाली, ती पोस्टेल यांच्या संपादनाखाली. त्यांतले 791 क्रमांकाचे टिपण म्हणजे आपल्या गोष्टीचा गाभा. जाळ्यावरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटाच्या आरंभी एक मथळा असतो. कोणी धाडले, कुणाला जायचे, एकूण लांबी किती, हे सारे त्यात असते. तंत्रज्ञ त्याला हेडर म्हणतात. पण हा मथळा ठरावीक लांबीचा नाही. किमान 20 बाइट, कमाल 60. म्हणून त्याच्या सुरुवातीलाच एक छोटा आकडा ठेवलेला असतो. चार-चार बाइटांचे किती तुकडे मिळून हा मथळा झाला, ते तो सांगतो. 5 असेल तर 20 बाइट, 15 असेल तर 60. मथळा कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला, हे या एका आकड्यावर ठरते. हाच बरणीचा धडा.

1 जानेवारी 1983 रोजी जुने नियम मोडीत काढून तेव्हाच्या अर्पानेटने हे नवे नियम स्वीकारले. पुढे गरजा वाढल्या. एका जाळ्याचे पाकीट दुसऱ्या जाळ्यातून सुखरूप न्यायचे, तर ते जसेच्या तसे दुसऱ्या पाकिटात घालायची रीत निघाली. तिला टनेल, म्हणजे बोगदा म्हणतात. कोकणवासीयांना हे समजावून सांगायला नको. 1999 पासून कोकण रेल्वे मालाने भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेऊ लागली. ट्रकची चाके थांबलेली, ओझे रेल्वेवर. उतरला की पुन्हा आपल्या वाटेने मोकळा. पण गाडीवर चढलेल्या ट्रकची उंची आधी मोजावी लागते, कारण पुढे बोगदा आहे.

पाकिटांचेही तसेच. आमच्या शाखेत बाहेरच्या पाकिटाचा मथळा 20 बाइटांचा होता आणि बोगद्याची खूण 4 बाइटांची. वाटेत 1500 पेक्षा मोठे काही मावत नव्हते. शिल्लकेचे छोटे उत्तर वेष्टणासह निघून जाई, अहवालाची भरलेली पाकिटे मात्र अडकत. हेच ते 24.

चूक याहून महागही पडते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, म्हणजे कर्नल, त्यात या बोगद्यांचे चालक प्रोग्रॅम असतात. बाहेरचा मथळा चिकटवण्यासाठी मजकुराच्या आधी पुरेशी जागा राखली नाही, तर अख्खे यंत्र बंद पडू शकते. मथळा 60 बाइटांचा असल्याची बतावणी करणारे पाकीट प्रत्यक्षात 30 बाइटांचेच असेल आणि प्रोग्रॅमने न मोजता विश्वास ठेवला, तर शेजारच्या स्मृतीतला भलताच मजकूर वाचला जातो. लिनक्ससारख्या प्रणालीत अशा दुरुस्त्या आजही होतात. बहुतेक वेळा बदल दोनचार ओळींचा असतो; शोधायला मात्र आठवडे जातात.

इथे पोस्टेल यांच्या एका तत्त्वाची आठवण होते. देताना काटेकोर असावे, घेताना उदार असावे, अशा अर्थाचे ते तत्त्व त्यांनी 1980 च्या सुमारास नियमांतच घातले. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची, थोडीफार चुकणारी यंत्रेही एकमेकांशी बोलू शकली आणि जाळे वाढले. पण दुसऱ्याच्या चुका पोटात घालत गेले की त्या रूढ होतात, अशी टीका पुढे झाली. 2023 मध्ये इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळानेही या उदारपणाच्या मर्यादा दाखवून दिल्या. मला वाटते, या तत्त्वाचा अर्थ डोळे मिटून विश्वास ठेवा, असा नव्हताच. 1989 मध्ये त्यांचेच सहकारी रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या नियमांत, समोरून येणारे पाकीट वाईट हेतूने धाडलेले असू शकते हे धरून चाला, असे स्पष्ट बजावले आहे. काउंटरवर बसलेला चांगला अधिकारी गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. म्हणून चेकवरची सही पाहायची सोडत नाही.

पोस्टेल यांच्याबद्दलच्या विश्वासाचीही एकदा परीक्षा झाली. जाळ्यावरच्या नावांचा मूळ तक्ता बारा ठिकाणच्या संगणकांना पुरवला जाई. 28 जानेवारी 1998 रोजी त्यांनी त्यांपैकी आठ ठिकाणच्या चालकांना, तो तक्ता यापुढे आपल्या संगणकावरून घ्यावा, असे कळवले आणि त्यांनी तो घेतला. जगाचा व्यवहार ज्यावर चालू लागला होता त्याची किल्ली कुठल्याही सरकारी शिक्क्याशिवाय, निव्वळ एका माणसाच्या शब्दाखातर हलली होती. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. ही केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि सारे पूर्ववत केले. बँकेत कितीही सचोटीचा अधिकारी असला, तरी तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे देत नाहीत. बहुधा त्यांनाही हे पटलेले असावे, कारण आपले काम एका रीतसर संस्थेकडे सोपवण्याच्या खटपटीत ते तेव्हा होतेच. ती संस्था, आयकॅन, सप्टेंबर 1998 च्या अखेरीस स्थापन झाली.

तिचा कारभार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन 16 ऑक्टोबर 1998 रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे 55.

निवृत्तीच्या दिवशी मी त्या संगणकासमोर क्षणभर थांबलो. दिवसअखेरचा अहवाल भराभर उतरत होता आणि शाखेतल्या मुलांना वेळेवर घरी जायची घाई होती. तो कसा येतो, याचा विचार त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात नव्हता. तेलाच्या दुकानातही, काटा मध्यावर आला की गिऱ्हाइकाचे लक्ष तेलाकडेच असे. त्या आधी पारड्यात खडे टाकणारा हात कुणी पाहत नसे.