सिट्रोएनच्या लोगोतल्या त्या दोन खुणा बाण नाहीत, गियरचे दात आहेत

सिट्रोएनची सी३ आता आपल्याकडच्या रस्त्यांवर अधूनमधून दिसते. तिच्या नाकावर एकावर एक ठेवलेल्या उलट्या व्हीसारख्या दोन खुणा असतात. कुणाला ते बाण वाटतात, कुणाला हवालदाराच्या बाहीवरच्या फिती.

खरं तर ते गियरचे दात आहेत. ज्या माणसाने ते लोगोवर आणले, त्याने तेच दात आपल्या पहिल्या गाडीच्या डिफरन्शियलमध्येही बसवले. आज ती गाडी जपणारे लोक या दातांपायी हैराण होतात.

त्या माणसाचं नाव आंद्रे सिट्रोएन. जन्म ५ फेब्रुवारी १८७८, पॅरिस. वडील हॉलंडहून आलेले ज्यू हिरे व्यापारी, आई वॉर्साची. घराण्यातले पूर्वज फळं विकायचे आणि डच भाषेतल्या लिंबाच्या नावावरूनच हे आडनाव आलं. आंद्रे सहा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. पोरगं हुशार होतं, एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकून १९०० साली बाहेर पडलं.

त्याच वर्षी तो आईच्या माहेरी, पोलंडला गेला. तिथे त्याला माशाच्या काट्यासारखे दात असलेली चाकं दिसली. त्याने त्याचे हक्क विकत घेतले.

त्या दातांत एवढं काय होतं?

साध्या गियरचे दात सरळ असतात. ते एकमेकांवर एकदम आदळतात, म्हणून आवाज करतात. दात तिरके कापले तर ते हळूहळू भिडतात आणि आवाज कमी होतो. पण मग चाक एका बाजूला सरकायला बघतं आणि तो सगळा जोर बेअरिंगवर येतो. यावर तोडगा म्हणजे अर्धा दात डावीकडे तिरका, अर्धा उजवीकडे. दोन्ही जोर एकमेकांना खाऊन टाकतात. गियर शांत चालतो आणि ताकदही जास्त पेलतो.

डोकं लावायचं ते कापण्यात. तिरका दात कापणारं हत्यार मधल्या टोकाला आलं की पुढे जाऊच शकत नाही, कारण समोर उलट्या दिशेचा दात उभा असतो. सिट्रोएनने असे गियर पोलादात अचूक कापून विकायचा धंदा उभा केला. पुढे मोर्स नावाच्या मोटार कंपनीचा कारभारही त्याच्या हाती आला. पहिल्या महायुद्धात त्याने पॅरिसच्या जावेल भागात कारखाना टाकून लाखो तोफगोळे बनवले.

युद्ध संपलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात आता करायचं काय? गाड्या!

१९१९ मध्ये टाइप ए आली. सेल्फ स्टार्टर, दिवे, टप, स्टेपनी, सगळं किमतीत धरून. त्या काळी यातलं बरंचसं गिऱ्हाइकाला वेगळे पैसे मोजून घ्यावं लागायचं.

आता डिफरन्शियलकडे येऊ. खळ्यात तिवड्याभोवती मळणीचे बैल फिरतात तेव्हा तिवड्याजवळचा बैल थोडं चालतो, कडेच्या बैलाला जास्त चालावं लागतं. वळणावर गाडीच्या चाकांचंही तसंच होतं. बैलगाडीची दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात म्हणून तिचं भागतं, पण मोटारीत इंजिनाची ताकद चाकांना द्यायची असते. ती वाटून देणारा आणि चाकांना कमीजास्त फिरू देणारा भाग म्हणजे डिफरन्शियल. त्याला फिरवते ती क्राउन-पिनियनची जोडी. टाइप एमध्ये या जोडीचे दात सिट्रोएनचे लाडके, दुहेरी तिरके होते.

शंभर वर्षांनी ही जोडी झिजली की खरी पंचाईत होते. दुकानात माल नाही. नवीन बनवायची तर एकटं पिनियन बनवून भागत नाही, क्राउन आणि पिनियन जोडीनेच करावे लागतात. त्यातून ही चाकं शंकूच्या आकाराची, म्हणजे दात आतल्या बाजूला बारीक होत जाणारा आणि वर मधोमध वाकलेला. गियर कापायच्या नेहमीच्या मशीनवर हे काम बसत नाही.

आता कुणी म्हणेल, थ्रीडी स्कॅन करा आणि सीएनसीवर कापा. पण झिजलेला दात स्कॅन केला तर झीजसुद्धा कॉपी होते! म्हणून दाताचा जो भाग कधी घासला गेला नाही तिथली मापं घेऊन मूळचा आकार गणिताने काढावा लागतो. मग पोलाद निवडायचं, दात कापायचे, भट्टीत वरचा थर कडक करायचा आणि गाभा चिवट ठेवायचा. भट्टीत चाक थोडं वाकतं, म्हणून जोडी पेस्ट लावून एकमेकांवर घासायची. शेवटी दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा मधोमध पडेपर्यंत शिम बदलत बसायचं.

गंमत म्हणजे सुट्या भागांची सोय हाच सिट्रोएनचा मोठा दावा होता. भागांचे कॅटलॉग, दुरुस्तीचे ठरलेले दर, गावोगावी डीलर, हे सगळं त्याने १९२० च्या दशकातच उभं केलं.

जाहिरातीत तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९२५ पासून आयफेल टॉवरवर दिव्यांनी त्याचं नाव झळकत होतं. १९३१ मध्ये त्याची माणसं बैरूतहून निघून काश्मीरमार्गे चीनकडे गेली. गिलगिटच्या वाटेवर रस्ता तुटला तेव्हा गाड्या खोलून, भाग हमालांच्या पाठीवर लादून पुढे नेल्या.

पैसा मात्र कर्जाचा होता. जुगाराचाही नाद होता. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, त्याने जावेलचा कारखाना जवळपास नव्याने बांधला आणि १९३४ मध्ये ट्रॅक्शन अवांत बाजारात आणली. पुढची चाकं ओढणारी गाडी, म्हणजे डिफरन्शियलसुद्धा पुढे. तिच्यासाठी ठरवलेला ऑटोमॅटिक गियरबॉक्स ऐनवेळी फसला आणि घाईघाईत साधा बसवावा लागला. गियरवर नाव कमावलेल्या माणसाला शेवटी गियरबॉक्सनेच घाम फोडला.

त्याच डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. ती सर्वात मोठ्या देणेकऱ्याच्या, टायरवाल्या मिशलॅनच्या हाती आली. सिट्रोएनला पोटाचा कॅन्सर झाला होता. ३ जुलै १९३५ ला तो गेला. ट्रॅक्शन अवांत १९५७ पर्यंत बनत राहिली, साडेसात लाखांहून जास्त.

जावेलचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला. तिथे आता बाग आहे आणि तिला नाव आंद्रे सिट्रोएनचंच दिलंय. टाइप एचं क्राउन-पिनियन मात्र हवं असेल तर अजूनही बनवूनच घ्यावं लागतं.